अमेरिकेत पहिल्यांदा मत देताना: पत्ता, सही आणि तारखा

अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की बोलणं उमेदवारांवरच येतं. डिबेट कोणी मारली, पेनसिल्व्हेनियात कोण पुढे आहे, महागाई, गर्भपात, व्हिसा, शैक्षणिक कर्ज. हे सगळं बोलायलाच हवं. पण अठरा ते पंचविशीतल्या मुलामुलींचं मत प्रत्यक्षात कुठे अडतं हे पाहिलं, तर कारणं अगदी साधी निघतात. नाव जुन्या पत्त्यावर राहिलेलं असतं. नोंदणीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली असते. मतपत्रिका आईवडिलांच्या घरी येऊन पडलेली असते आणि मतदार तिथून चारशे मैलांवर असतो. किंवा पाकिटावरची सही जुळत नाही. २०२० मध्ये तिशीच्या आतल्या साधारण निम्म्या नागरिकांनी मत दिलं, आणि तो आकडासुद्धा चांगला मानला गेला. उरलेले सगळे बेफिकीर होते असं मला वाटत नाही. तरुण माणूस सारखं घर बदलतो आणि इथली मतदानाची सगळी व्यवस्था पत्त्यावर उभी आहे. खरी गोम तिथे आहे. म्हणून हा लेख कोणाला मत द्यावं याबद्दल नाही. दिलेलं मत मोजलं जाईपर्यंत काय काय सांभाळावं लागतं, याबद्दल आहे.

भारतातली निवडणूक पाहत मोठ्या झालेल्यांनी आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी. इथे देशभर मतदान घेणारा निवडणूक आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवते. मतदान घेणं हे राज्यांचं काम, आणि राज्यात ते काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचं. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि न्यू इंग्लंडमध्ये तर शहराचं किंवा गावाचं. मतदार यादी राज्याची, मतपत्रिकेचा नमुना काउंटीचा, मुदती राज्याच्या कायद्यात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मैत्रिणीने इन्स्टाग्रामवर टाकलेली माहिती तिच्यासाठी शंभर टक्के खरी आणि डॅलसमधल्या तुमच्यासाठी शंभर टक्के चुकीची असू शकते. विचारायचं ते आपल्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला किंवा राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या अधिकृत संकेतस्थळावर. नियम दर दोन वर्षांनी बदलतात, मागच्या वेळचं पाठांतर चालत नाही.

आपल्या मराठी घरांमध्ये याच्याही आधीचा प्रश्न असतो: मुळात मत देता येतं का? फक्त नागरिकाला. ग्रीन कार्ड असलं, पंधरा वर्षं कर भरला, इथल्याच शाळेत शिकलात, तरी नाही. यात चूक झाली तर ती महाग पडते. नागरिक नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे आणि त्यातून हद्दपारीची कारवाई होऊ शकते. फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' या चौकटीत खूण करून सही केली, तर मत दिलं नसलं तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आडवं येतं. हा प्रसंग बहुतेक वेळा डीएमव्हीच्या, म्हणजे गाडीचं लायसन्स देणाऱ्या कार्यालयाच्या, काउंटरवर येतो. १९९३ च्या कायद्यामुळे लायसन्सच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीचं विचारतात. रांग लांब असते, समोरचा कर्मचारी भराभर प्रश्न टाकत असतो आणि सतरा-अठरा वर्षांचं पोर 'यस, यस' म्हणत सुटतं. एच-फोरवर (आई किंवा वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या मुलामुलींना घरूनच सांगून पाठवा की त्या प्रश्नाला ठाम 'नो' म्हणायचं आणि स्क्रीनवर काय उमटलंय ते वाचल्याशिवाय सही करायची नाही.

याच्या उलटही घडतं. मूल अठराच्या आत असताना, ग्रीन कार्डवर, आईवडिलांजवळ राहत असताना आई किंवा वडील नागरिक झाले, तर २००० च्या कायद्याप्रमाणे ते मूल आपोआप नागरिक होतं. वेगळी शपथ लागत नाही. पण कागदही आपोआप येत नाही. अशा मुलांनी लगेच यूएस पासपोर्ट काढून घ्यावा. आणि आई किंवा वडील नागरिक व्हायच्या आधीच अठरा पूर्ण झाले असतील, तर घरातले सगळे नागरिक आणि एकटा मोठा मुलगा नाही, अशी स्थिती येते. त्याला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागतो. नागरिक झाल्यावर दोन ठिकाणी नोंद बदलून घ्या: सोशल सिक्युरिटीचं कार्यालय आणि डीएमव्ही. हे का सांगतोय, तर २०१९ मध्ये टेक्सास राज्याने साधारण ९५,००० मतदारांची 'नागरिक नसावेत' अशी यादी काढली होती. लायसन्स काढताना ते नागरिक नव्हते, एवढाच त्या यादीचा आधार. त्यातले कितीतरी जण मधल्या काळात रीतसर शपथ घेऊन नागरिक झालेले निघाले. प्रकरण कोर्टात गेलं, राज्याला ती यादी मागे घ्यावी लागली. पण अशी नोटीस येते तेव्हा ती जुन्या पत्त्यावर येते आणि उत्तराला मुदत असते.

नावाचंही तसंच. भारतीय पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. तिथून ते सोशल सिक्युरिटीकडे एका रूपात जातं, लायसन्सवर दुसऱ्या, आणि मतदार नोंदणीचा फॉर्म भरताना आपण तिसरंच लिहितो. संगणक नोंदणीची माहिती लायसन्स नंबराशी किंवा सोशल सिक्युरिटीच्या शेवटच्या चार आकड्यांशी ताडून पाहतो. २०१८ मध्ये जॉर्जियात तंतोतंत जुळणीच्या नियमामुळे ५३,००० च्या आसपास अर्ज अडकून पडले होते. एक मधली रेघ, एक अक्षर, लग्नानंतरचं आडनाव, एवढ्यावर. म्हणून लायसन्सवर जसं नाव आहे, स्पेलिंग आणि मधल्या नावासकट, तसंच लिहायचं. घरी काय म्हणतात याला इथे अर्थ नाही.

आता नोंदणी. नॉर्थ डकोटा सोडलं तर प्रत्येक राज्यात आगाऊ किंवा मतदानाच्या वेळी नोंदणी लागतेच. मुदतीत किती फरक आहे ते पाहा: टेक्सासमध्ये ३० दिवस आधी, न्यू जर्सीत २१, पेनसिल्व्हेनियात १५. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटामध्ये मतदानाच्या दिवशीसुद्धा नोंदणी होते, पत्त्याचा पुरावा जवळ हवा. टेक्सासमध्ये पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला निव्वळ ऑनलाइन अर्ज करता येत नाही. फॉर्म छापून, सही करून टपालाने किंवा हाताने द्यावा लागतो. डॅलस-ऑस्टिनच्या मुलांची इथेच फसगत होते. संकेतस्थळावर माहिती भरून झाली की काम झालं असं वाटतं, आणि छापलेला कागद टेबलावरच राहतो.

फेडरल फॉर्म एका पानाचा आहे, पण तो नीट वाचावा. रकाना २ मध्ये जिथे राहता तो पत्ता, रकाना ३ मध्ये जिथे टपाल येतं तो. हॉस्टेलच्या मुलांनी हे दोन वेगळे ठेवायचे. रकाना २ मध्ये कॅम्पसची पोस्टपेटी लिहिली तर तुम्ही कोणत्या प्रभागात राहता ते कार्यालयाला कळत नाही आणि अर्ज परत येतो. तिथे इमारतीचा रस्ता-क्रमांकासह पत्ता हवा, खोलीचा नंबर धरून. मोठ्या विद्यापीठांत एकाच कॅम्पसच्या दोन हॉस्टेलांची मतदान केंद्रं वेगळी असू शकतात. रकाना ६ ओळख क्रमांकाचा, ७ पक्षाचा, ९ सहीचा. आणि खाली 'बी' नावाचा रकाना आहे, आधीच्या पत्त्याचा. आधी दुसरीकडे नाव नोंदलेलं असेल तर तो भरा म्हणजे जुन्या ठिकाणचं नाव काढता येतं. घर बदलल्यावर पोस्टात फॉरवर्डिंग लावलं तरी मतपत्रिका सहसा पुढे पाठवली जात नाही, ती कार्यालयाकडे परत जाते. त्यानंतर पत्ता विचारणारं कार्ड येतं. त्याला उत्तर दिलं नाही आणि पुढच्या दोन फेडरल सार्वत्रिक निवडणुकांत मतही दिलं नाही, तर नाव यादीतून जातं.

पक्षाचा रकाना बरेच जण मोकळा सोडतात, 'आपण कुठल्या पक्षाचे नाही' म्हणून. भावना समजते. पण पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लॉरिडा यांसारख्या राज्यांत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, फक्त त्या त्या पक्षात नाव नोंदवलेल्यांसाठी असते, आणि कितीतरी मतदारसंघांत खरी लढत प्रायमरीतच संपते. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे की नोव्हेंबरचा निकाल ठरल्यासारखाच होता. निर्णय झाला ऑगस्टच्या प्रायमरीत, तोही तीस टक्क्यांहून कमी मतं मिळवून, कारण उमेदवार बरेच होते. मिशिगनमध्ये पक्ष नोंदवावा लागत नाही, पण ऑगस्टच्या त्या मतदानाला जावं तर लागतं. अनेक राज्यांत नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीच प्रायमरीत मत देता येतं. न्यू जर्सीत ही सोय २०२६ पासून आहे. पक्षात नाव नोंदवल्याने नोव्हेंबरमध्ये कोणाला मत द्यायचं याचं बंधन येत नाही.

घरचा पत्ता द्यायचा की कॉलेजचा, हा प्रश्न तरुण मतदाराला सगळ्यात जास्त पडतो. कायदा स्पष्ट आहे. टेक्सासमधल्या वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नोंदणी नाकारली जात होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९७९ पासून हे पक्कं झालं की विद्यार्थी कॉलेजच्या गावी मत देऊ शकतो. मतदानाचं वय अठरा करणारी २६ वी घटनादुरुस्ती १९७१ ची. तिला खरा अर्थ यायला पुढे अशा लढाया लढाव्या लागल्या. तेव्हा निवड तुमची आहे, पण एकच. दोन्हीकडे नाव चुकून राहिलं तर तो गुन्हा नाही; दोन्हीकडे मत दिलं तर तो गुन्हा आहे. नोंदणी बदलल्याने फेडरल शैक्षणिक मदत जात नाही. एखादी शिष्यवृत्ती ठरावीक गावच्या रहिवाशांसाठीच असेल तर तिचा नियम तेवढा वाचून घ्या.

या निवडीत इलेक्टोरल कॉलेजचं गणित येतं आणि ते टाळून बोलण्यात अर्थ नाही. अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टर्सच्या मतांवर ठरतो. अशी एकूण ५३८ मतं, जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी मतं. न्यू जर्सीची १४, पेनसिल्व्हेनियाची १९, कॅलिफोर्नियाची ५४. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली आणि तरी त्या हरल्या, कारण मिशिगन १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८ नी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ नी गेलं. २०२० मध्ये बायडेन यांनी जॉर्जिया ११,७७९ आणि ॲरिझोना १०,४५७ मतांनी घेतलं. हे आकडे एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या पटसंख्येत मावतात. न्यू जर्सीतून पिट्सबर्गला किंवा कॅलिफोर्नियातून अटलांटाला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या पत्त्यावर नाव नोंदवलं तर त्यात काहीही गैर नाही. वर्षातले नऊ महिने तो तिथेच राहतो, तिथल्या बसने जातो, तिथलं भाडं भरतो.

पण बाकीच्यांनी काय करायचं? कॅलिफोर्नियात, टेक्सासात, न्यू जर्सीत राहणाऱ्या तरुणांकडून 'माझ्या मताने अध्यक्ष ठरणार आहे थोडाच' हे सारखं ऐकू येतं. अध्यक्षपदापुरतं त्यांचं म्हणणं बरचसं खरं आहे, आणि ही पद्धत मला अन्यायाची वाटते. पण मतपत्रिका अध्यक्षापाशी संपत नाही. खाली सिनेट, हाउस, राज्याचं विधिमंडळ, डिस्ट्रिक्ट अटर्नी, शेरीफ, काउंटी कमिशनर, न्यायाधीश, स्कूल बोर्ड असतं. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये यांच्याशिवाय राज्यव्यापी दहा प्रस्तावांवर मत द्यायचं होतं. विद्यापीठाची फी, घरभाड्याचे नियम, पोलिसांची वागणूक, शाळेच्या ग्रंथालयात कोणतं पुस्तक राहणार, मतदारसंघांच्या सीमा कशा आखायच्या, हे सगळं या खालच्या ओळींमध्ये ठरतं. तिथे मतंही कमी पडतात, म्हणून एकेका मताचं वजन जास्त.

किती जास्त, ते व्हर्जिनियात दिसलं. २०१७ मध्ये राज्याच्या हाउस ऑफ डेलिगेट्सच्या ९४ व्या मतदारसंघात शेली सायमंड्स आणि डेव्हिड यान्सी उभे होते. पहिल्या मोजणीत यान्सी दहा मतांनी पुढे. फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे. मग एक वादातली मतपत्रिका न्यायाधीशांपुढे आली. त्या मतदाराने दोघांच्याही नावापुढचे गोल काळे केले होते आणि नंतर सायमंड्सच्या गोलावर एक तिरकी रेघ मारली होती. न्यायाधीशांनी रेघेचा अर्थ 'हे नाव रद्द' असा लावला आणि मत यान्सींना दिलं. दोघांची मतं ११,६०८. बरोबरी. ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये दोन चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन डब्यांत घालून चिनी मातीच्या एका वाडग्यात ठेवल्या गेल्या आणि एक डबी उचलली गेली. यान्सी जिंकले आणि सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं ५१ विरुद्ध ४९ असं बहुमत टिकलं. त्या मतदाराने मतदान केंद्रावर 'चूक झाली, दुसरी मतपत्रिका द्या' एवढं म्हटलं असतं तर वाडगा आणावाच लागला नसता. तसं मागणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. बिघडलेली मतपत्रिका रद्द करून नवी देतात. खाडाखोड करू नका, बाणबिण काढू नका, गोल पूर्ण भरा आणि टाकण्याआधी कागदाची मागची बाजू बघा. प्रस्ताव बहुतेकदा मागे छापलेले असतात.

मतपत्रिकेच्या रचनेनेही घोळ होतो. २००० मध्ये फ्लॉरिडाच्या पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावं समोरासमोरच्या दोन पानांवर आणि भोकं मधोमध एका ओळीत होती. डाव्या पानावर अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. ब्यूकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०७ मतं पडली, अपेक्षेच्या कितीतरी पट. राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि त्यावर अध्यक्षपद गेलं. आता ती भोकांची यंत्रं गेली, पण नमुना मतपत्रिका आधी पाहून ठेवण्याची गरज गेलेली नाही. ती काउंटीच्या संकेतस्थळावर काही आठवडे आधी येते. घरी बसून ती भरा, कागदावर उतरवा आणि तो कागद बरोबर न्या. फोनवर विसंबू नका. टेक्सासमध्ये मतदान केंद्राच्या शंभर फुटांच्या आत फोन वापरता येत नाही. प्रस्ताव वाचताना आधी सध्याचा कायदा काय आहे ते शोधा, मग 'यस' म्हटल्याने त्यात काय बदलतं ते. शीर्षकावरून ठरवलं तर उलटं मत पडतं.

दोन्ही उमेदवार नको वाटतात, मग काय? भारतात नोटा आहे, इथे तसा पर्याय फक्त नेव्हाडात आहे, १९७५ पासून. तो जिंकला तरी पद पुढच्या उमेदवाराला मिळतं. बाकी राज्यांत तिसऱ्या पक्षाला मत देता येतं किंवा ती ओळ कोरी ठेवता येते. कोरी ओळ ठेवल्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही, हे फार जणांना ठाऊक नसतं. गाझाच्या किंवा आणखी कुठल्या प्रश्नावर ज्यांचं मन अध्यक्षपदाच्या नावांपुढे खूण करायला धजत नाही, त्यांनी ती ओळ सोडून खालचं सगळं भरावं. घरी बसू नये. तिसऱ्या पक्षाला मत द्यायचं तर २००० चं फ्लॉरिडा माहीत असू द्या: राल्फ नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं मिळाली होती. त्यातल्या मतदारांना मी दोष देणार नाही. पण अटीतटीच्या राज्यात ते मत देताना निकालाचा एक भाग आपलाही आहे, हे जाणूनच द्यावं.

टपाली मतपत्रिकेत सर्वांत जास्त तरुण मतं गळतात. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घ्या. भरलेली मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्यावर सही व तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये तसा निकाल दिला आहे. तारखेवरून वर्षानुवर्षं खटले चालले, म्हणून ती घाला, आणि आजची घाला. लोक घाईत जन्मतारीख लिहून बसतात. मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत पाकीट कार्यालयात पोचलं पाहिजे, पोस्टाचा शिक्का कामाचा नाही. अंतिम तारखेच्या आठवडाभर आधी पेटीत टाका. त्याहून उशीर झाला तर पोस्टाच्या नादी लागू नका, कार्यालयाच्या ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः नेऊन टाका. तिकीट लावायचं की नाही ते पाकिटावर छापलेलं असतं.

सहीचं प्रकरण जरा खोलात पाहण्यासारखं आहे. अनेक राज्यांत बाहेरच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडतात. नोंदीतली सही कुठून येते? बहुतेकदा डीएमव्हीच्या काचेच्या पाटीवर सोळाव्या-सतराव्या वर्षी बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने ओढलेली रेघ. आईवडिलांच्या पिढीची सही चेकवर हजारदा झालेली असते, म्हणून ती बसलेली असते. आजच्या विसाव्या वर्षीच्या मुलाने आयुष्यात पेनने फारशा सह्याच केलेल्या नसतात, आणि कागदावर तो सावकाश पूर्ण नाव लिहितो. तपासणाऱ्याला दोन वेगळी माणसं दिसतात. २०२४ मध्ये नेव्हाडात हजारो पाकिटं सहीपायी बाजूला पडली, आणि त्यात तरुण मतदार जास्त असल्याचं राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट सिस्को अगिलार यांनी जाहीरपणे सांगितलं. उपाय सोपा आहे. लायसन्स समोर ठेवा आणि तशीच सही करा. सही बदलली असेल तर नोंदणीचा फॉर्म नव्याने भरून नवी सही नोंदवा. अर्जात फोन नंबर आणि ईमेल जरूर द्या. सही जुळली नाही तर अनेक राज्यांत कार्यालय मतदाराला कळवतं आणि ती दुरुस्त करायला काही दिवस देतं. अनोळखी नंबर म्हणून तो फोन कापला, तर मत तिथेच राहतं. पाकीट टाकल्यावर काउंटीच्या संकेतस्थळावर त्याचा माग काढता येतो. 'स्वीकारले' असं दिसेपर्यंत रोज पाहा.

केंद्रावर जाऊन मत देणाऱ्यांसाठी थोडं. फोटो ओळखपत्र मागणाऱ्या राज्यांत यूएस पासपोर्ट हा सगळ्यात बिनघोर कागद. टेक्सासमध्ये विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही, बंदुकीचा परवाना चालतो. विस्कॉन्सिनमध्ये विद्यापीठाचं कार्ड चालतं, पण त्यावर सही, दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख हवी, आणि नेहमीच्या कार्डावर हे सगळं असेलच असं नाही. केंद्र बंद व्हायच्या वेळेला रांगेत असाल तर मत देण्याचा हक्क आहे; कोणी जा म्हटलं तरी रांग सोडायची नाही. यादीत नाव सापडलं नाही तर 'प्रोव्हिजनल बॅलट' मागा, म्हणजे पात्रता तपासून मग मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका. २००२ च्या कायद्याने ते देणं बंधनकारक आहे. मात्र आधी 'माझं केंद्र हेच का' ते विचारा, कारण चुकीच्या केंद्रावर भरलेली प्रोव्हिजनल मतपत्रिका बऱ्याच राज्यांत मोजत नाहीत. आणि आजी-आजोबा नागरिक झाले असतील, इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्यांना आत सोबत न्यायला माणूस घेता येतो. व्होटिंग राइट्स ॲक्टमध्ये तशी तरतूद आहे: मालक किंवा युनियनचा माणूस सोडून मतदार म्हणेल तो. मराठीत मतपत्रिका मिळणार नाही, पण नातवंडाने शेजारी उभं राहून प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवायला पूर्ण मुभा आहे. खूण मात्र आजीच्या इच्छेची.

निकालाच्या रात्री धीर धरा. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळपर्यंत उघडायलाच परवानगी नाही, म्हणून तिथे आधी केंद्रावरची मतं दिसतात आणि टपाली मागून येतात. आकडा रात्रीतून फिरला म्हणजे कोणी काही केलं, असं होत नाही. २०२० मध्ये ३ नोव्हेंबरला मतदान झालं आणि वृत्तसंस्थांनी विजेता ७ तारखेला सांगितला. तोही त्यांचा अंदाज. अधिकृत निकाल काउंटी आणि राज्य प्रमाणित करतात, डिसेंबरात इलेक्टर्स मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेस मोजते.

राहिले ते पुण्या-मुंबईत, गोव्यात राहणारे अमेरिकन नागरिक. अमेरिकेत जन्मलेली आणि लहानपणीच भारतात परत गेलेली, आता तिकडे शिकणारी मुलं यात पुष्कळ आहेत आणि आपल्याला मत आहे हेच त्यांच्या गावी नसतं. अमेरिकेतल्या शेवटच्या पत्त्याच्या काउंटीत त्यांची नोंदणी होते. अमेरिकेत कधी राहिलेच नसतील तरी अनेक राज्यं आई किंवा वडिलांचा शेवटचा पत्ता धरतात. अर्जाचं नाव फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन. त्यानेच नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी एकत्र होते. तो दरवर्षी जानेवारीत नव्याने भरावा. त्यात मतपत्रिका ईमेलने हवी असं नक्की लिहा, म्हणजे येण्याचा टपालाचा वेळ वाचतो. फेडरल निवडणुकीच्या ४५ दिवस आधी ती पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे. परत पाठवताना काही राज्यं ईमेल किंवा फॅक्स घेतात, काहींना कागदच लागतो. कागद लागला तर कुरियर करा किंवा वकिलातीमार्फत पाठवण्याची सोय वापरा, पण त्याला काही आठवडे लागतात. मतपत्रिका वेळेत आलीच नाही तर फेडरल राइट-इन ॲबसेंटी बॅलट छापून त्यावर उमेदवाराचं नाव हाताने लिहून पाठवता येतं. पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे. ४५ दिवस मागे मोजले तर २३ सप्टेंबर येते. त्या दिवसापर्यंत ईमेलमध्ये मतपत्रिका दिसली नाही, तर दुसऱ्याच दिवशी काउंटीला पत्र लिहा.